बेळगावात नव्यानं आलात? आधी ‘ॲडजस्ट’ शिकून घ्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या खोलीत नागपूरकडचा एक मुलगा राहायला आला. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, नोकरी लागली होती. आठवडाभरात एकदा जिन्यातच थांबून म्हणाला, "काकू, इथं सगळे मला ॲडजस्ट करायला का सांगतात? माझं काही चुकतंय का?"

मी मोजायला लावलं. सकाळी बसमध्ये कंडक्टर, दुपारी मेसच्या मावशी, संध्याकाळी किराणा दुकानदार, आणि रात्री मी स्वतः, पाणी सोडायच्या दिवसावरून. चौघांनी शब्द एकच वापरला होता, पण काम चार तऱ्हेचं सांगितलं होतं. त्यानं मात्र चारही वेळा नुसती मान हलवली होती.

तर पुण्या-मुंबईहून, विदर्भातून, शिकायला किंवा नोकरीला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. कन्नड शिका, ते हवंच. पण त्याच्या आधी हा एक शब्द नीट शिका, कारण तो पहिल्या दिवसापासून लागतो. आणि तुम्हाला वाटतं तो येतो, हीच खरी अडचण आहे.

पहिली पायरी: कानाला ओळख करून द्या

छापील मराठीत तो ‘ॲडजस्ट’ असतो. आमच्याकडं बाजारात तो ‘अड्जस्ट’ होतो, ‘ॲडजेस्ट’ होतो, घाईत ‘अडजस’ इतकाच उरतो. कन्नड बोलणारे ‘ड’वर जोर देतात आणि ‘अड्जस्ट माड्री’ म्हणतात. इंग्रजांच्या तोंडी तो यातला एकही नाही. त्यांचा सुरुवातीचा ‘अ’ जेमतेम ऐकू येतो, ‘ड’ पुढच्या ‘ज’मध्ये विरघळतो आणि सगळा जोर ‘जस्ट’वर येतो. फोनवर परदेशी साहेबाशी बोलायचं असेल तरच तो उच्चार करा. खडेबाजारात केलात तर दुकानदार पुन्हा विचारेल, काय म्हणालात?

व्याकरण एकदम सोपं आहे. मराठीत इंग्रजी शब्दाला ‘करणे’ जोडतात, कन्नडमध्ये ‘माडु’. ॲडजस्ट कर, ॲडजस्ट माडु. दोन्हीकडं एकच युक्ती. शेवटचा ‘री’ हा उत्तर कर्नाटकातल्या बोलीचा आदराचा प्रत्यय, आपल्या ‘करा हो’मधल्या ‘हो’सारखा. मराठी माणूस त्याच जागी ‘की’ लावतो: "ॲडजस्ट करा की." हा ‘की’ विसरू नका. ‘की’ नसलेलं ‘ॲडजस्ट करा’ हुकूम वाटतो.

दुसरी पायरी: बस

खरी शाळा इथं. मध्यवर्ती बसस्थानकावरून सकाळी नऊच्या सुमाराला येळ्ळूर, उचगाव किंवा काकतीकडची कुठलीही लाल गाडी धरा. 11 जून 2023 पासून कर्नाटकात शक्ती योजना आली, राज्यातल्या बायकांना साध्या गाड्यांत तिकिटाचे पैसे लागत नाहीत, त्यामुळं गर्दी वाढली आणि या शब्दाचा खपही. (नव्यानं आलेल्या बहिणींनो, महाराष्ट्राचा पत्ता असलेलं आधार दाखवून शून्य रकमेचं तिकीट मिळत नाही. हा फरक कंडक्टर ॲडजस्ट करत नाही, हुज्जत घालू नका.)

बसमध्ये या शब्दाचे तीन अर्थ आहेत, आणि ते कोण बोलतं त्यावर ठरतात.

तिघांच्या सीटजवळ कुणी आजी उभ्या राहून म्हणाल्या, "बाळा, जरा ॲडजस्ट कर की," तर अर्थ: सरक. उठ नव्हे. पुष्कळ नवी मुलं संस्कारी असतात, ती ताडकन उठतात, आणि मग आजींनाच अवघडल्यासारखं होतं. त्यांना जागा हवी होती, तुमची जागा नको होती. बूड चार बोटं आत घ्यायचं, पिशवी मांडीवर घ्यायची, झालं. तीनच्या सीटवर चौथा बसतो. तो अर्धा अधांतरीच असतो, पण त्याला बसलो असं म्हणता येतं, आणि तेवढंच त्याला हवं असतं.

कंडक्टर मागून ओरडला, "ओळग बर्री, मुंद होग्री, ॲडजस्ट माड्री," तर अर्थ: आत या, पुढं चला, दारात अडकू नका. इथं सरकण्यात अदब वगैरे काही नाही, नुसतं चाला.

तिसरा अर्थ चिल्लरचा. तिकिटावर मागं तीन रुपये लिहून दिले आणि "ॲडजस्ट करू" म्हटलं, तर उतरताना मागून घ्यायचे असतात. मागितले नाहीत तर ते पैसे आपोआप ॲडजस्ट झालेले असतात. ‘चिल्लर’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत चालतो, तो बिनधास्त वापरा.

एक गंमत सांगते. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून गेला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘जुक्स्टा’ म्हणजे ‘जवळ’, ‘शेजारी’ या शब्दाशी पोचतं. म्हणजे मुळात अर्थ ‘जवळ आणणे’. पुढं ‘जस्ट’ म्हणजे योग्य, न्याय्य या शब्दाशी त्याची गल्लत झाली आणि ‘नीट करणे’, ‘योग्य जागी बसवणे’ हा अर्थ घट्ट झाला. इंग्रज आता आरसा, खुर्ची, घड्याळ ॲडजस्ट करतात. शेजारच्या माणसाला कुणी ॲडजस्ट व्हायला सांगत नाहीत. आमच्या उचगावच्या गाडीत मात्र शब्द पुन्हा मुळावर गेलाय: जवळ घ्या.

पण नुसतं ‘सरका’ म्हटलं तर काय बिघडतं? काही नाही, खेड्यांकडच्या गाड्यांत म्हणतातही. कन्नडमध्ये ‘सरीरी’ आहे, उच्चार इतका जवळचा की दोघांनाही कळतो. तरी शहरात अनोळखी माणसाशी बोलताना जीभ ‘ॲडजस्ट’कडं वळते. माझं मत असं की यात आमच्या भागाचं शहाणपण आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून इथं कुणाशी कुठल्या भाषेत पहिलं वाक्य बोलायचं, हा साधा प्रश्न राहिलेला नाही. समोरचा मराठी की कन्नड, चेहऱ्यावरून कळत नाही. चुकीच्या भाषेत ‘सरका’ म्हटलं तर एखादा मुद्दाम सरकत नाही! ‘ॲडजस्ट’ दोघांचाही नाही. त्यामुळं तो बोलणाराही हरत नाही आणि ऐकणाराही. एकदा सरकून झालं की मग कुठल्या गावचे, कुणाकडचे, सगळं सुरू होतं. मग भाषेचं काही वाटत नाही.

तिसरी पायरी: पैशाची बोलणी, इथं मान हलवू नका

बसमधलं ॲडजस्ट चार बोटांचं असतं. पैशातलं तसं नसतं. ज्या मुलाबद्दल वर सांगितलं, त्याचा घोळ इथंच झाला, आणि खरं सांगायचं तर चूक निम्मी माझी होती.

त्याच्या खोलीतला नळ गळत होता. त्यानं स्वतः प्लंबर आणून साडेचारशे रुपये दिले. मला सांगितलं, तेव्हा मी भाकरी थापत होते, मी म्हटलं, "बरं झालं केलंस, आपण ॲडजस्ट करू." माझ्या मनात होतं, पुढच्या भाड्यातून वळते करू. त्याला वाटलं, काकू म्हणतायत की हा खर्च तू सोसून घे. बिचारा गप्प बसला, पुढचं भाडं पुरं दिलं, आणि मी विसरले. दोन महिन्यांनी त्याच्या आईनं फोनवर सहज विषय काढला तेव्हा कळलं. साडेचारशे परत केले, वर कुंदाही, म्हणजे आमच्याकडची दुधाची मिठाई, दिला, पण त्याच्या आईच्या आवाजातला तो ‘असू दे हो’ अजून मला टोचतो.

म्हणून व्यवहारात हा शब्द ऐकला की लगेच तीन प्रश्न विचारायचे. कोणी करायचं? कितीचं? कधीपर्यंत? हसत विचारा, पण विचाराच. "म्हणजे पुढच्या महिन्याच्या भाड्यातून साडेचारशे कमी देऊ ना काकू?" असं विचारलं असतं तर मी भाकरी उलटता उलटता हो म्हटलं असतं.

नीट पाहिलं तर पैशाच्या बाबतीत मराठीत या एका शब्दाच्या जागी निदान चार क्रियापदं आहेत आणि त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळत नाहीत. ‘वळते करणे’ म्हणजे देण्यातून घेणं कापणं. ‘सोडून देणे’ म्हणजे विसरणं. ‘थांबणे’ म्हणजे उशिरा घेणं. ‘भागवणे’ म्हणजे आहे त्यात निभावणं. डिपॉझिट ॲडजस्ट करू म्हणणाऱ्या घरमालकाला यातलं नेमकं काय म्हणायचंय ते खोली घेतानाच काढून घ्या: शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं होणार, की रंगरंगोटीच्या नावाखाली कापलं जाणार? कागदावर लिहून घ्या. आमच्याकडं माणसं तोंडच्या शब्दाला पक्की आहेत, पण हा शब्दच पक्का नाही, त्याला माणसं काय करणार!

कॉमर्स शिकलेल्यांना हे चटकन कळेल. अंतिम खाती करताना प्रश्नाखाली ॲडजस्टमेंट दिलेल्या असतात: देणं राहिलेला पगार, आगाऊ भरलेला विमा, घसारा, अखेरचा माल. प्रत्येकीचा परिणाम दोन ठिकाणी दाखवायचा असतो, एकीकडंच दाखवला तर ताळेबंद जुळत नाही. पुस्तकी मराठीत याला ‘समायोजन’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या पेपरात ‘अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन’ असं वाचलं असेल, तोच शब्द. गल्लीत कुणी म्हणत नाही. "अण्णा, दोन रुपये समायोजित करा" म्हणून बघा एकदा, दुकानदार चहा पाजून घरी पाठवेल.

किराणा दुकानातलं ॲडजस्ट निरुपद्रवी. सुटे नसले की एकतर चॉकलेट, नाहीतर ‘पुढच्या वेळी’. तुमचे दोन रुपये राहिले तर दुकानदार विसरतो, त्याचे दोन राहिले तर तुमचं तोंड पाहिलं की आठवतात. आठवडाभर त्याच दुकानात गेलात की दोन्ही बाजू सारख्या होतात.

चौथी पायरी: जिथं शब्द सरळ वागतो

गॅरेज आणि कारखाना. इथं हा शब्द इंग्रजाच्या घरी वागतो तसाच वागतो. क्लच ॲडजस्ट करणं म्हणजे लिव्हरचा ढिलेपणा हवा तितका ठेवणं. ब्रेक, साखळी, हेडलाइट, सगळं तसंच. उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये काम मिळालं असेल तर तिथं ‘सेटिंग’ आणि ‘ॲडजस्ट’ यांतला फरक पहिल्या दिवशी कळेल. सेटिंग म्हणजे काम सुरू करण्याआधी यंत्र बांधून घेणं, ॲडजस्ट म्हणजे चालू कामात किंचित फिरवणं. गवंडी आणि सुतार ‘दोन सूत ॲडजस्ट कर’ म्हणतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इथं किती ते शब्दासोबतच येतं, त्यामुळं गैरसमज होत नाही. तीन प्रश्नांतला ‘कितीचं’ मी या लोकांकडूनच उचलला.

शिंप्याकडंही असंच. पण एक बारकावा आहे. तयार कपडा घट्ट झाला तर शिंपी आधी आतली शिवण उलटी करून बघतो. शिवणीत जास्तीचं कापड सोडलेलं असतं, त्याला आपल्याकडं ‘माया’ म्हणतात. माया असली तर तो ‘ॲडजस्ट होतंय’ म्हणतो. नसली तर कपडा परत हातात देतो. शहापुरातल्या आमच्या ब्लाउजवाल्या बाई तर माया ठेवलीच नसेल तर ज्यानं शिवला त्याचा उद्धार करतात, मग तो त्यांचा सख्खा भाऊ असला तरी!

पाचवी पायरी: जिथं तो वाकडा होतो

एखाद्या सरकारी खिडकीवर कागद पुरे असताना कुणी आवाज खाली आणून म्हणालं, "काहीतरी ॲडजस्ट करा की साहेब," तर ते तुम्हाला सरकायला सांगत नाहीत. अर्थ ओळखता येतो, मी लिहायची गरज नाही. मी अशा वेळी न कळल्यासारखं करते आणि मोठ्यानं विचारते, "कुठला कागद कमी आहे हो? लिहून द्या, उद्या आणते." मोठा आवाज आणि ‘लिहून द्या’, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पुष्कळदा कागद अचानक पुरे निघतात. नेहमीच नाही.

दुसरी वाकडी जागा म्हणजे लग्नाची बैठक. "मुलगी ॲडजस्टिंग आहे हो आमची." हे ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. मुलाबद्दल असं कुणी म्हटलेलं मी पन्नास वर्षांत ऐकलं नाही. इथं मराठीतलं ‘जुळवून घेणे’ बरं, कारण जुळायला दोन वस्तू लागतात. ‘ॲडजस्ट कर’ एकीलाच सांगता येतं, आणि सांगतातच. आमच्याकडं घरात मराठी बोलणारी आणि घरात कन्नड बोलणारी अशी लग्नं काही नवी नाहीत. ती टिकतात तिथं सासूही सुनेची भाषा चार वाक्यं का होईना शिकलेली असते. कन्नडमध्ये ‘होंदिकोळ्ळु’ आहे, तोही जुळण्याचाच शब्द. दोन्ही भाषांत चांगला शब्द असताना नेमक्या या जागी परका शब्द का लागतो, याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

सहावी पायरी: इंग्रजीत बोलताना तो घरी ठेवून जा

इथं मोठं विद्यापीठ आहे, इंजिनिअरिंगची पोरं आहेत, मुलाखती सुरूच असतात. मुलाखतीत विचारतात, नव्या गावी राहाल का? पोरं म्हणतात, ‘आय विल ॲडजस्ट, सर.’ भारतीय साहेबाला कळतं. पण बाहेरच्या माणसाला पुढचं काहीतरी हवं असतं, कशाशी? इंग्रजीत याच्यामागं ‘टू’ येतो, ‘विथ’ नाही. ‘ॲडजस्ट टू द न्यू प्लेस’ म्हणा. ‘ॲडजस्ट विथ माय रूममेट’ हे आपलं भाषांतर, तिथं ‘गेट अलाँग विथ’ म्हणतात. स्वतःला बदलून घेण्याला ‘ॲडॅप्ट’ आहे, दुसऱ्यासाठी जागा किंवा सवलत करून देण्याला ‘ॲकॉमोडेट’. आपण बसमध्ये जे करतो त्याला खरं तर हा तिसरा शब्द जास्त जवळचा, पण इतका लांब शब्द उभ्यानं, एका हातानं दांडी धरून कुणी म्हणत नाही. लंडनच्या गाडीत जागा मागायची वेळ आली तर ‘कुड यू मूव्ह अप अ बिट?’ म्हणा. नुसतं ‘प्लीज ॲडजस्ट’ म्हणालात तर तो माणूस आपली टाय नीट करील.

शेवटची पायरी: नाही म्हणणं

हे कुणी शिकवत नाही. ॲडजस्टला नकार देता येतो, फक्त नुसतं कोरडं ‘नाही’ न म्हणता. कन्नड माणूस म्हणतो ‘आगंगिल्ल री’, म्हणजे होणार नाही हो. रोखठोक, पण शेवटचा ‘री’ त्याची धार काढून घेतो. मराठीत आम्ही म्हणतो, "बघूया की." नव्या माणसाला हे होकार वाटतं. बेळगावात ‘बघूया की’ दोनदा ऐकलं तर ते काम होणार नाही असं समजा आणि दुसरीकडं बघा. याउलट ‘चालतंय की’ हा पक्का होकार. कन्नडमध्येही अगदी तेच आहे, ‘नडीतैती’, म्हणजे चालतंय. दोन्ही भाषांत गोष्टी चालतात, धावत मात्र कुठंच नाहीत, हे इथं महिनाभर राहिलात की दिसेल.

आमचा नागपूरकर आता तयार झाला आहे. परवा मीच त्याला म्हटलं, पाहुणे येतायत, दोन रात्री खोलीत अजून एकाला ॲडजस्ट करशील का? पूर्वीसारखी मान हलवली नाही. जिन्यात थांबला, हसला आणि म्हणाला, "कोण येणार काकू? दोनच रात्री ना? आणि गादी कुणाची?"